कुंडीतही वापसा लागतो: घरातली झाडं जगवणं आणि त्यांची रोपं करणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "लग्नानंतर कोल्हापुरात रुईकर कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. माहेरच्या रानातली काळी माती पोत्यानं आणून कुंड्या भरल्या. पावसाळ्यात स्नेक प्लांट बुडापासून मऊ पडला, मनी प्लांटची पानं पिवळी होतायत. बाटलीतला मनी प्लांट वर्षभर जसाच्या तसा आहे. झेडझेडचं पान मातीत खोचून चार महिने झाले, कोंब नाही. रबराचं झाड छताला टेकलंय. सासूबाई म्हणतात झोपायच्या खोलीत झाडं नकोत. आणि आजऱ्याला आजीच्या दारात ब्रह्मकमळ आहे, ते मला इकडं आणायचंय. काकू, माझं कुठं चुकतंय?"

ताई, अर्ध्याहून जास्त प्रश्नांचं उत्तर त्या पोत्यात आहे. तुमच्या वडिलांच्या रानात ज्या मातीवर ऊस उभा राहतो, तीच माती आठ इंची कुंडीत झाडाचा जीव घेते. मातीत खोट नाही, ती चुकीच्या जागी आली एवढंच. मी गेली २६ वर्षं रोपवाटिका चालवते आणि दर पावसाळ्यात निम्मी आजारी झाडं याच कारणानं माझ्याकडे येतात. माणसं आईवडिलांच्या रानातली माती प्रेमानं आणतात, म्हणून हे सांगताना मला दरवेळी जड जातं.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या आहात, म्हणजे वापसा हा शब्द तुम्हाला माहीत असणार. पाऊस पडून गेला, वरचं पाणी निचरलं, मातीच्या कणांना ओल आहे पण कणांमधल्या फटींत पुन्हा हवा शिरली आहे, ती अवस्था म्हणजे वापसा. त्याआधी कुणी रानात कुळव घालत नाही. मुळांनाही तीच अवस्था हवी असते, कारण मुळं पाणी पितात तशी श्वासही घेतात. काळी माती पाणी प्यायली की फुगते, फटी बुजतात, आणि सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. रानात हे चालतं, कारण खाली खोलवर माती आहे, पाणी ओढून घ्यायला जागा आहे, गांडुळांची बिळं आहेत, वर दिवसभर ऊन आणि वारा आहे. कुंडीला यातलं काहीच नाही. जुलैमध्ये हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेल्या काळ्या मातीच्या कुंडीला महिनाभर वापसा येत नाही. मुळं आधी गुदमरतात, मग बुरशी त्यांच्यावर चढते. वर पान पिवळं दिसतं तोवर खालचं काम बरंच होऊन गेलेलं असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुराला महापुराचा वेढा पडला तेव्हा पाणी माझ्या रोपवाटिकेपर्यंत आलं नव्हतं, पण दिवसेंदिवस ऊन नव्हतं आणि हवा ओल्या फडक्यासारखी होती. त्या वर्षी माझ्याकडे स्नेक प्लांटच्या दोन प्रकारच्या कुंड्या होत्या. काही जुन्या, काळी माती मिसळलेल्या, आणि काही नव्या, ज्यात मी निम्मा विटांचा चुरा घातला होता. एकाच शेडमध्ये, एकाच पाण्यावर होत्या. जुन्या जवळजवळ सगळ्या बुडातून सडल्या, नव्या उभ्या राहिल्या. त्यानंतर मी काळी माती कुंडीत घालणं बंद केलं ते कायमचं.

आता मिश्रण सांगते. मनी प्लांट, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, स्पायडर प्लांट यांच्यासाठी दोन वाटे तांबडी माती (आपल्याकडे नर्सरीत पन्हाळा-जोतिबाच्या बाजूची मिळते तशी), एक वाटा चाळलेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक वाटा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक वाटा जाड वाळू किंवा विटांचा चुरा. चुरा ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा असावा, पीठ नको. पीठ झालेला चुरा पुन्हा फटी बुजवतो. स्नेक प्लांट, झेडझेड, कोरफड, जेड यांना निम्मा चुराच द्या आणि कोकोपीट जवळजवळ नकोच. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते दोनदा साध्या पाण्यात पिळून घ्या, त्यात बऱ्याचदा क्षार असतात. शेणखत वर्षभर तरी कुजलेलं हवं, हातात घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) कुणी फुकट दिली तरी ताजी वापरू नका, कुजताना ती तापते आणि मुळं भाजतात. तीच गोष्ट उसाच्या चिपाडाची. कच्चं चिपाड कुजताना मातीतला नत्र स्वतःच खाऊन टाकतं आणि झाड उपाशी राहतं.

मिश्रण जमलं का हे पाहायला कुंडी भरून वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तळं करून बसलं तर चुरा वाढवा. अर्ध्या मिनिटाच्या आत खालच्या भोकातून धार लागली की काम झालं.

इथं एक समजूत मोडायची आहे. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा थर दिला की निचरा चांगला होतो असं आपण सगळे ऐकत आलो, मीही कित्येक वर्षं तेच केलं. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते वरच अडकून राहतं. म्हणजे थर दिल्यानं ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते आणि कुंडीतली जागाही जाते. भोकावर एकच खापरी पालथी ठेवा, माती वाहून जाणार नाही एवढ्यासाठी. चुरा मातीत मिसळायचा, तळाला नाही. शिवाय छोट्या झाडाला मोठी कुंडी देऊ नका. "मोठी घेतली की पुन्हा बदलायला नको" असं म्हणून बारा इंची कुंडीत वीतभर रोप लावतात. जिथं मुळं नाहीत तिथली माती ओलीच राहते. आताच्या कुंडीपेक्षा दोन इंच रुंद, बस. आणि शक्यतो मातीची कुंडी घ्या. तिच्या अंगातूनही ओल बाहेर पडते, म्हणून आपल्या पावसाळ्यात ती प्लास्टिकपेक्षा कितीतरी सुरक्षित.

तुमचा मऊ पडलेला स्नेक प्लांट अजून फेकला नसेल तर आजच कुंडी उलटी करा. माती झाडून मुळं आणि जमिनीखालचं जाड खोड बघा. जे तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारं आहे ते सगळं कापून टाका. कापलेला भाग आतून पांढरा-पिवळसर आणि घट्ट दिसेपर्यंत वर वर कापत या. धारदार पातं वापरा आणि प्रत्येक कापणीनंतर ते स्पिरिटनं पुसा, नाहीतर रोग तुमच्याच हातानं पुढच्या पानात जाईल. कोंबासकट निरोगी खोड उरलं तर चार दिवस सावलीत सुकवून नव्या कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका.

खोड पूर्ण गेलं असेल तरी पानं आहेत. पानाचे बोटभर लांबीचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची खालची बाजू कुठली ते विसरायचं नाही, मी खालच्या टोकाला तिरका काप देते म्हणजे घोटाळा होत नाही. झाडातलं मुळं फोडणारं संप्रेरक शेंड्याकडून बुडाकडे वाहतं आणि बुडाशी साठतं, म्हणून तुकडा उलटा खोचला तर मुळं धरत नाहीत. तुकडे दोन-तीन दिवस सुकवून, कापाला पापुद्रा आला की बोटाच्या एका पेराएवढे मातीत खोचा. मुळं यायला महिना-दीड महिना, आणि बाजूनं नवा कोंब वर यायला आणखी दोन-तीन महिने. तुमचा पिवळ्या काठाचा असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: पानापासून केलेल्या रोपाला पिवळा काठ येत नाही, ते साधं हिरवं निघतं. काठाचा रंग वेगळ्या पेशींच्या थरातून आलेला असतो आणि पानातून नवा कोंब फुटताना तो थर सोबत येत नाही. काठ हवा असेल तर कोंबासकट खोडच वेगळं करावं लागतं. दरवर्षी कुणी ना कुणी "तुम्ही दुसरंच झाड दिलं" म्हणून परत येतं, म्हणून हे इतकं सांगते.

पाण्याचं वेळापत्रक कुणी तुम्हाला "आठवड्यातून दोनदा" असं सांगितलं तर ते ऐकू नका. आपल्याकडे जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत आणि आषाढात हवेचं काहीही सारखं नसतं. एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ अंशांवर जातो, तेव्हा खिडकीतला मनी प्लांट दोन-तीन दिवसांत पाणी मागतो. तोच मनी प्लांट जुलैमध्ये दहा-बारा दिवस मागत नाही. स्नेक प्लांट आणि झेडझेड यांना मृगापासून गणपतीपर्यंत मी घरात असतील तर महिन्यातून एकदा देते, कधी तेही नाही. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, आणि त्याहून चांगलं म्हणजे कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर एकदा उचला, सुकल्यावर एकदा उचला. दोन आठवड्यांत हाताला वजन कळायला लागतं आणि मग बोट घालायची गरजही राहत नाही. पाणी द्यायचं तेव्हा मात्र खालून निथळेपर्यंत द्या आणि बशीत साठलेलं अर्ध्या तासात ओतून टाका. रोज चूळभर पाणी घालण्याची सवय सगळ्यात वाईट. वरचा इंचभर कायम ओला, खालची मुळं कोरडी, आणि वरच्या ओलीत चिलटं.

मनी प्लांटचं सगळ्यात खालचं एखादं जुनं पान महिन्या-दोन महिन्यांत पिवळं पडतं, ते म्हातारपण आहे, काळजी नको. एकदम तीन-चार पानं पिवळी आणि माती ओली, तर पाणी जास्त झालं. पानं मलूल आणि माती हलकी, तर पाणी कमी. पानं मलूल पण माती ओली असेल तर पुन्हा पाणी घालू नका. बहुतेकजण नेमकं तेच करतात, कारण झाड तहानलेलं दिसतं. मुळं सडली की ती पाणी ओढू शकत नाहीत आणि ओल्या मातीतही झाड तहानतं.

उजेडाचं म्हणाल तर पूर्वेची खिडकी सोन्यासारखी. झाड ठेवायच्या जागी दुपारी कागद धरा आणि त्यावर हाताची सावली पाडा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड चांगला, नुसती धुरकट सावली दिसली तर ती जागा स्नेक प्लांट, झेडझेड, अॅग्लोनिमापुरती, आणि सावली पडलीच नाही तर तिथं कुठलंही झाड फार काळ टिकणार नाही. खिडकीपासून चार पावलं आत गेलं की उजेड आपल्या डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा फार कमी झालेला असतो. पावसाळ्यात झाडं हातभर खिडकीकडे सरकवा. तुळस मात्र घरात ठेवू नका. तिला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, गॅलरीच्या कठड्यालाच ती जगेल, आणि मंजिऱ्या खुडत राहिलात तर डेरेदार होईल.

आता बाटली. वर्षभर त्यातला मनी प्लांट वाढला नाही याचं कारण साधं आहे, नुसत्या पाण्यात खायला काही नाही. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ हे विद्राव्य खत मिळतं. एक लिटर पाण्यात पाव ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, विरघळवून बाटलीला महिन्यातून एकदा. कुंडीतल्या झाडांना लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही झाड वाढत असताना. दिवाळीनंतरच्या थंडीत नको. बाटली गडद रंगाची घ्या किंवा कागद गुंडाळा, पारदर्शक बाटलीत शेवाळ धरतं. आणि पाणी पाच-सहा दिवसांनी बदलाच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि अंडी बाटलीच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून ब्रश फिरवावा लागतो. महापालिकेची माणसं तपासणीला आली की फुलदाण्या आणि कुंड्यांच्या बशा आधी बघतात, ते बरोबरच आहे. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मी बाटलीपेक्षा कुंडीच सुचवते.

मनी प्लांटची रोपं करणं तुमच्यासारख्या ऊस बघत वाढलेल्या माणसाला शिकवायला लागू नये. बेणं कसं निवडतो आपण? टिपरीला डोळा हवा, डोळा नसलेलं कांडं कितीही जाडजूड असलं तरी उगवत नाही. मनी प्लांटचंही अगदी तसंच आहे. वेलावर जिथं पान फुटतं तिथं पेर असतं, त्या पेरावर एक तपकिरी गाठ किंवा बारीक मूळ दिसतं आणि पानाच्या बगलेत डोळा असतो. पेराच्या खाली अर्धा इंच आणि वर अर्धा इंच कापा. एक पेर, एक पान, एक रोप. नुसतं पान देठासकट तोडून पाण्यात ठेवलं तर त्याला कधी कधी मुळं येतात, ते महिनोन्‌महिने हिरवं राहतं, पण वेल कधीच निघत नाही कारण डोळाच नाही. सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन यांनाही हाच नियम. चोरून आणलेला मनी प्लांट चांगला वाढतो असं म्हणतात. माझा अनुभव एवढाच की कुणाच्या तरी दारात जोमानं वाढणाऱ्या वेलाचा फाटा आणला की तो धरतो, आणि मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

फाटे लावायला मृग आणि आर्द्रा नक्षत्रांसारखा काळ नाही. हवेत ओल असल्यानं पान सुकत नाही आणि ऊब असल्यानं मूळ दहा-पंधरा दिवसांत सुटतं. थंडीत त्यालाच महिना लागतो. पाण्यात ठेवत असाल तर मूळ बोटाच्या दोन पेरांएवढं झालं की लगेच मातीत हलवा. हातभर लांब मुळं होईपर्यंत वाट बघितली की ती पाण्यालाच सरावतात. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ आणि वेगळ्या बांधणीची असतात, मातीत गेल्यावर त्यातली बरीच मरतात आणि झाडाला पुन्हा पहिल्यापासून मुळं काढावी लागतात. हलवल्यावर पहिला आठवडा माती नेहमीपेक्षा थोडी ओलसर ठेवा. तिथून हळूहळू वापशावर आणा. मी स्वतः पाण्याची पायरी गाळते. ओलसर कोकोपीट आणि विटांचा चुरा निम्मा-निम्मा, त्यात फाटा, वरून प्लास्टिकची पिशवी फुग्यासारखी बांधायची, दिवसातून एकदा उघडायची. अशी मुळं सुरुवातीपासून हवेत श्वास घ्यायला शिकलेली असतात. एका कुंडीत एकच फाटा लावू नका, सात-आठ लावा, नाहीतर वेल लांबच लांब आणि बुडाशी उघडा दिसतो. आणि वेल खाली लोंबत ठेवला तर पानं लहान होत जातात, काथ्याच्या किंवा मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) खांबावर वर चढवला तर तीच पानं मोठी होतात.

झेडझेडचं पान उकरू नका. एवढंच करायचं आहे. ते पान आधी मातीखाली मटाराएवढा गड्डा तयार करतं, त्याला दोन-तीन महिने लागतात, आणि गड्डा पुरेसा भरल्याशिवाय कोंब वर काढत नाही. चार महिने म्हणजे काहीच नाही. मी सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत वाट बघितली आहे. वरचं पान पिवळं पडून गळालं तरी गड्डा जिवंत असतो, आणि नेमकं त्याच वेळी लोक कुंडी रिकामी करतात. पंधरा दिवसांनी थोडं पाणी आणि उजेड, बाकी विसरून जा. लवकर हवं असेल तर मोठ्या झाडाचे गड्डे पावसाळ्याच्या सुरुवातीला हातानं सोडवून दोन कुंड्या करा.

स्पायडर प्लांट याच्या अगदी उलट. लांब दांड्यावर पिल्लं लोंबतात, पिल्लाच्या बुडाशी पांढरे मुळांचे ठोंब दिसले की तोडून लावा, आठ दिवसांत धरतं. त्याची टोकं तपकिरी होतात ती बहुतेक वेळा खताचे क्षार साठल्यानं, महिन्यातून एकदा भरपूर साधं पाणी आरपार जाऊ द्या. पानफुटी तर तुम्हाला माहीतच आहे, पान मातीवर आडवं टाकलं की काठाच्या खाचांतून रोपं निघतात. माझ्याकडे मुलं आली की मी हेच पान हातात देते.

रबराच्या झाडाला गुटी बांधा. नुसता शेंडा कापून लावला तर मोठी पानं पाणी उडवतात आणि मुळं येण्याआधी फांदी वाळते. गुटीत फांदी आईला जोडलेली असतानाच मुळं काढते. मृग लागला की शेंड्यापासून दीड-दोन फुटांवर, एका पेराच्या जरा खाली, बोटाच्या एका पेराएवढ्या रुंदीची साल गोल काढा. पांढरा चीक वाहील, ओल्या फडक्यानं पुसा, हात धुवा, डोळ्याला लावू नका. सालीखालचा हिरवट बुळबुळीत थर खरवडून काढा, तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. वरच्या काठाला मुळं फोडायची पावडर लावा. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस मूठभर, भोवती प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. पाणी टपकत राहील इतकं ओलं मॉस नको, तिथंही वापसाच हवा. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतील. ती तपकिरी व्हायला लागली आणि चारी बाजूंनी पसरली की खालून कापा आणि मॉससकट लावा. उरलेलं झाड कापलेल्या जागेखालून दोन-तीन फांद्या काढेल, म्हणजे छताचाही प्रश्न सुटतो.

किडीबद्दल थोडंसं. पानाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. एक-दोन असतील तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपून घ्या, आधी एका पानावर लावून दोन दिवस बघा. जास्त असेल तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण हलवून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा, सात दिवसांनी पुन्हा, त्यानंतर सात दिवसांनी पुन्हा. एकदाच फवारून उपयोग नाही, अंडी राहतात. चिलटांना औषध नको, वरची दोन इंच माती सुकू द्या. चहाचा चोथा, गुळाचं पाणी, तांदळाचं धुवण हे घरातल्या कुंडीत घालू नका. अंगणात ठीक, हॉलमध्ये मुंग्या आणि बुरशी.

लहान मूल असेल तर एक लक्षात ठेवा. मनी प्लांट, अॅग्लोनिमा, डिफेनबाकिया, सिंगोनियम, झेडझेड ही सगळी अळू-सुरणाची भाऊबंद. कच्च्या अळूनं घसा खाजतो तो ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच यांच्या पानांत आहेत. मुलानं चावलं तर तोंड सुजतं, डिफेनबाकियानं सगळ्यात जास्त. ही उंचावर ठेवा. स्पायडर प्लांट खाली चालेल.

सासूबाईंचं म्हणणं आदरानं ऐका, पण काळजीचं कारण नाही. झाडं रात्री श्वासोच्छ्वास करतात हे खरं आहे, पण चार-पाच कुंड्या मिळून रात्रभरात जेवढा प्राणवायू घेतात तो शेजारी झोपलेल्या एका माणसाच्या मानानं नगण्य असतो. आणि उलट बाजूनं, ही झाडं घरातली हवा शुद्ध करतात म्हणून कुणी विकत असेल तर त्याही बोलण्यावर झाड घेऊ नका. नासाचा १९८९ चा जो अभ्यास दाखवतात तो बंद पेट्यांमध्ये केलेला होता. खिडक्या उघड्या असलेल्या घरात तसा फरक पडायला झाडांची रानं लावावी लागतील. झाड आवडतं म्हणून ठेवावं.

शेवटी आजीचं ब्रह्मकमळ. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते हिमालयातलं नाही, ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं निवडुंग आहे, आणि ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड आहे. हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. निवडुंग असल्यामुळे काप सुकवावा लागतो. जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं असल्यामुळे त्याला वाळवंटी ऊन नको, सकाळचं कोवळं ऊन आणि हवेशीर माती हवी. आजऱ्याला जाल तेव्हा गेल्या वर्षी फुललेलं, जून झालेलं, गडद हिरवं खोड निवडा. कोवळं, फिकं, लालसर टोकाचं नको. वीतभर लांबीचे तीन-चार तुकडे घ्या आणि प्रत्येकाच्या वरच्या टोकाला तिथंच दोरा बांधा, पिशवीत मिसळले की वरखाली कळत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, प्लास्टिकमध्ये नको. घरी आठ दिवस सावलीत उघडे ठेवा, मग तीन-चार तुकडे एकाच सहा इंची मातीच्या कुंडीत दोन इंच खोल लावा, झेडझेडला सांगितलं तेच मिश्रण, फक्त चुऱ्याऐवजी थोडं पानांचं कुजलेलं खत जास्त. भर पावसात लावू नका. पाऊस सरला की, नवरात्राच्या सुमारास लावा, किंवा फेब्रुवारीत. काठीचा आधार द्या.

फुलाला दोन-तीन वर्षं लागतील. मोठ्या कुंडीत हलवण्याची घाई करू नका, कुंडी मुळांनी जरा भरली की ते जास्त फुलतं. मार्चपासून महिन्यातून एकदा खत द्या, नत्र कमी असलेलं, नाहीतर नुसती खोडं लांबतात. उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पहिल्या पावसानंतर खोडाच्या काठावरच्या खाचेत मोहरीएवढा लाल ठिपका दिसेल, तो कळीचा. तो दिसल्यापासून कुंडी जागची हलवू नका, उजेडाकडे फिरवूसुद्धा नका. कळ्या गळतात. कळी लोंबून मान वर वळवायला लागली की त्या एक-दोन दिवसांत, रात्री साधारण नऊनंतर, गॅलरीत खुर्ची टाकून बसा, आणि आजीला फोनवर दाखवा.